लालबाग-परळची पायी सफर : जेवणाला पैकीच्या पैकी, इतिहासाला काठावर पास

माणशी साडेसातशे रुपये. त्यात तीन तास पायपीट, कानात घालायचं यंत्र, एक छापील नकाशा आणि लालबागच्या खानावळीत मासळीचं ताट. भाचीने मोबाइलवर परस्पर बुकिंग केलं म्हणून गेले. ज्या गल्ल्यांतून मी दळणाचा डबा घेऊन फिरले त्या बघायला पैसे मोजलेत, हे आईला कळलं असतं तर तिने माझी दृष्ट काढली असती.

सफरीचा विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा होता. लाल बावट्याचं गिरणगाव भगवं कसं झालं? ज्या कम्युनिस्ट पक्षाला गिरणी कामगाराने वाढवलं, त्याचीच साथ त्याने का सोडली? आमच्या घरात हा वाद रोज जेवताना व्हायचा. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पक्के लाल बावटेवाले. दोन्ही भाऊ शिवसेनेच्या शाखेत. आई खोलीतच खानावळ चालवायची, तिच्याकडे दोन्ही झेंड्यांची माणसं जेवायला असायची. त्यामुळे ती कोणाचीच बाजू घेत नसे, निदान पानं उठेपर्यंत तरी.

आधी सोयीगैरसोयी सांगते. परळ स्टेशनबाहेर सकाळी आठला जमायचं होतं, आणि गाइड आठच्या आधी हजर होता, हे कौतुकाचं. गट वीसेक जणांचा, त्यात निम्मी आर्किटेक्चर शिकणारी मुलं. कानातलं यंत्र आंबेडकर रोडवर बिनकामाचं. उड्डाणपुलाखाली बसचा हॉर्न तेवढा जास्त स्पष्ट ऐकू येतो. नकाशा सुरेख आहे, घरी लावण्याजोगा, पण अक्षरं इतकी बारीक की पन्नाशीपुढच्या माणसाने भिंग आणावं. आणि तीन तासांत स्वच्छतागृहाची कुठेही सोय नाही. बायकांनी काय करायचं, असं विचारलं तर गाइड बिचारा लाजला. मुलगा गुणी आहे, अभ्यास केलेला आहे. सगळ्यांना ‘सर’ आणि ‘मॅम’ म्हणत होता, मी म्हटलं मावशी म्हण, तर पुढचे तीन तास अगदी मन लावून मावशी म्हणाला.

कामगार मैदानावर त्याने सुरुवात झकास केली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, डांगे, मिरजकर हे कम्युनिस्ट पुढारी. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांनी पेटवलेलं गिरणगाव. १९५७ साली डांगे इथून लोकसभेवर गेले आणि त्यांचा पक्ष २७ जागा घेऊन दिल्लीत काँग्रेसखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर बसला. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती तोंडाकडे बघत राहतात, तशी बघत होती.

एक गोष्ट मात्र त्याने गाळली. साचेखात्यात धोट्यात, म्हणजे मागावर सूत घेऊन आडव्या धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकातून सुताची तार तोंडाने ओढून घ्यावी लागे. आपण ओठ लावला त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीचा माणूस ओठ लावणार. म्हणून स्पृश्य कामगारांनी दलितांना साचेखात्यात शिरूच दिलं नाही, आणि पगार तिथेच जास्त. १९२८ च्या त्याच संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा पुढे आणला होता. वडील हे सांगताना ओठांचा चंबू करून तार कशी ओढायची ते दाखवायचे आणि मग म्हणायचे, “आमच्यातल्याच कोणी चालू दिलं नाही गो.” कामगारांची एकजूट म्हणतात तिला हे भोक पहिल्यापासून होतं. दलित कामगारांची मोठी वस्ती असलेल्या नायगाव आणि वरळीच्या बीडीडी चाळींचा सफरीत नुसता उल्लेखसुद्धा नव्हता, हे मला खटकलं.

पुढचा थांबा परळची दळवी बिल्डिंग. इथे गिरणी कामगार युनियनचं कार्यालय होतं. डिसेंबर १९६७ मध्ये शिवसैनिकांनी त्यावर हल्ला करून मोडतोड केली. सफरीचा विषय बघता इथे खरं तर अर्धा तास हवा. गाइडने ही जागा विनंती थांब्यासारखी सोडून दिली, कारण पुढे भारतमाता थिएटरसमोर फोटो काढायचे होते. फोटो छान आले, भाचीने स्टेटसला ठेवले.

आणि मग आलं त्याचं उत्तर. १९८२ चा संप फसला, गिरण्या बंद पडल्या, बेकार पोरं शाखेत गेली, लाल गाव भगवं झालं. चार वाक्यांत काम तमाम. आर्किटेक्चरवाल्यांनी वह्यांत लिहूनही घेतलं.

मला राहवलं नाही. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा हा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. कृष्णा देसाई, इथले कम्युनिस्ट आमदार, त्यांचा लालबागमध्ये खून झाला ५ जून १९७० ला. त्या जागेवर त्याच वर्षी ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या, आणि जिंकले शिवसेनेचे वामनराव महाडिक. फरक दोन हजारांहून कमी मतांचा, पण सेनेचा पहिला आमदार आला तो इथून, खुद्द परळमधून, खून होऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा. गिरण्या तेव्हा तीन पाळ्यांत धडधडत होत्या. मग संपाने मतं नेली कशी म्हणायची?

गाइड म्हणाला, दहशत होती, मावशी. होतीच. सरकारचा वरदहस्तही होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात सेनेला लोक ‘वसंतसेना’ म्हणायचे ते काही उगाच नाही. मालकांनाही लाल बावटा मोडणारं कोणी हवंच होतं. पण गिरणी कामगार गोळीबारासमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस. बंद खोलीत शिक्का मारताना तो घाबरला, एवढ्यावर मी समाधान मानायला तयार नाही.

माझं म्हणणं असं. पक्ष गिरणीच्या गेटवर होता, शाखा चाळीच्या तोंडाशी होती.

गेट सभा, बोनस, महागाई भत्ता, बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तात्पुरत्या घेतलेल्या, कामगारांचा प्रश्न, या सगळ्यात लाल बावटा एक नंबर. वडिलांचा बोनस वाढला तो याच माणसांच्या लढ्यामुळे, हे भाऊही कबूल करायचे. पण त्यातही कायद्याने हात बांधलेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन, आणि ती होती काँग्रेसची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकाशी करार करायचा हक्क तिला एकटीला. लाल बावट्याने माणसं गोळा करायची, लाठ्या खायच्या, आणि सही करायला बसणार दुसरेच. कामगार त्या संघाला येता-जाता शिव्या घालायचे. अशा वेळी १९७५ साली आणीबाणी आली आणि कम्युनिस्ट पक्षाने इंदिराबाईंना पाठिंबा दिला. त्या दिवसांत वडील घरी पेपर उघडायचे नाहीत. ज्यांच्या युनियनशी उभा जन्म भांडलो, त्यांच्याच सरकारची बाजू आपला पक्ष घेतो, हे त्यांना ना गिळवत होतं ना थुंकवत होतं.

आता चाळीत या. दहा बाय बाराची खोली, पोरगा मॅट्रिक झालाय, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्यात. त्याला गिरणीत जायचंच नाही. बापालाही वाटत नाही की त्याने कापसाचा धुरळा छातीत भरून घ्यावा. त्याला हवी आहे टेबलखुर्चीची नोकरी. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात कंपन्या-कचेऱ्यांतल्या साहेबांच्या आणि कारकुनांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या, बहुतेक नावं दाक्षिणात्य, आणि पोरं त्या मोठ्याने वाचायची. त्या याद्यांनी दाखवलेला शत्रू खोटा होता, असं मी आजही म्हणते; उडप्याच्या हॉटेलावर दगड मारून कोणाला कारकुनी मिळाली नाही. पण पोरांचा प्रश्न खरा होता. आमच्या मजल्यावरच्या मालवणी काकींनी एकदा वडिलांच्या कॉम्रेडना सरळ विचारलं होतं, “ता सगळा खरा, पण माझ्या पोराक नोकरी कोण देतलो?” कॉम्रेड सज्जन माणूस, दोन शर्टांत वर्ष काढायचा. त्याने भांडवलशाही आणि बेकारी यांचा संबंध समजावून सांगितला. काकींनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात मुलाला शाखेत पाठवलं.

शाखेत काय होतं? एक टेबल, एक बाक, नाक्यावर खडूने बातम्या लिहिलेला फळा. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर दार उघडं. केईएममध्ये खाट मिळत नाही, चिठ्ठी. रेशन कार्डावर नाव चढत नाही, माणूस सोबत. जूनमध्ये स्वस्तात वह्या. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका. गणपतीला मांडव. आणि सत्तरच्या दशकात स्थानीय लोकाधिकार समिती निघाली, तिने बँका, विमा, एअर इंडिया यांच्या दारात जाऊन मराठी मुलांना घ्या म्हणून धरणं धरलं आणि परीक्षांचे वर्गही घेतले. त्या वर्गांच्या चक्रमुद्रित प्रश्नपत्रिका सोडवून मी बँकेत लागले. लाल बावटेवाल्याची मुलगी भगव्या नोट्सवर पास झाली, आणि बँकेत जाऊन पुन्हा लाल झेंड्याच्या युनियनची पावती फाडू लागली. कुठल्या खात्यात टाकणार मला?

म्हणूनच ‘मतदार लालचा भगवा झाला’ हे सोपं चित्र मला पटत नाही. सफरीच्या नकाशावर लाल पट्टा संपतो आणि भगवा सुरू होतो, मध्ये एक रेघ. तशी रेघ कधी नव्हतीच. जानेवारी १९७४ ची लोकसभेची पोटनिवडणूक घ्या. वरळीची दंगल, दलित पँथरची बहिष्काराची हाक, काँग्रेसच्या रामराव आदिकांना सेनेचा पाठिंबा, आणि निवडून आल्या डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे. म्हणजे महाडिकांना निवडून दिल्यानंतर सव्वातीन वर्षांतच याच भागाने लाल झेंड्याला मत दिलं. मग १९८१ च्या नोव्हेंबरात सेनेच्या गिरणी कामगार सेनेने एक दिवसाचा संप केला, पुढच्या बेमुदत संपाची घोषणा झाली आणि ती मागेही घेतली गेली. कामगार भडकले. सेना नको, लाल बावटाही नको, मान्यताप्राप्त संघ तर नकोच, असं म्हणून ते घाटकोपरला डॉक्टर सामंतांच्या दारात जाऊन बसले. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप चिरडला गेला, लाखाहून अधिक जणांना परत कामावर घेतलंच नाही, आणि तरी १९८४ मध्ये, इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, याच लोकांनी सामंतांना लोकसभेत पाठवलं. पुढच्याच वर्षी मुंबई महापालिका सेनेकडे. आमच्या घरातले वडील आणि दोन भाऊ या दोन्ही मतदानांना एकाच रांगेत उभे होते. पगारासाठी डॉक्टर, नळाच्या पाण्यासाठी सेना.

कम्युनिस्ट पक्षाचा पत्ता या दोन्ही ठिकाणी नव्हता, कारण त्याच्याकडे गेटच होतं, आणि गेटवर आता सामंत उभे होते. डांग्यांना तर तोवर पक्षातून काढून टाकलेलं. १९८४ साली ते शिवसेनेच्या अधिवेशनाला पाहुणे म्हणून गेले. दळवी बिल्डिंगसमोर उभं राहून हे सांगायला हवं होतं. गाइडला माहीत होतं, मी विचारल्यावर म्हणाला, पण स्क्रिप्टमध्ये नाही.

आता जेवण. इथे मात्र हात आखडता घेणार नाही. लालबागच्या गल्लीतली छोटी खानावळ, सहा टेबलं, चालवणाऱ्या ताई वेंगुर्ल्याकडच्या. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळ सोलून नव्हे, अख्खं ठेचून घातलेलं, म्हणजे दाताखाली आलं की जीभ झिणझिणते. कोलंबीचं सुकं, तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात, भात मागाल तेवढा. सोलकढी जराशी पातळ, पण नारळ ताजा वाटलेला. बाकी गट मोबाइल ताटावर धरून उभा होता, मी दुसरी भाकरी संपवली. एकट्या या ताटाचे मी साडेतीनशे रुपये आनंदाने दिले असते.

ताईंना सफरवाल्यांनी मंचावर, म्हणजे टेबलाशी, बोलावलं ते फक्त आभार मानायला. हीच सफरीतली सर्वांत मोठी चूक. गावाहून एकटा आलेला कामगार, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा, जेवायचा खानावळीत. संप झाला की त्याचं पोट चालायचं खानावळवालीच्या उधारीवर. १९८२ मध्ये आईकडे एक लांबट वही होती, लाल कापडाच्या बांधणीची, प्रत्येक मेंबरचं एक पान. जेवला की उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. पावसाळ्याच्या तोंडावर एकेक जण पेरणीला म्हणून गावी गेला. कोणी भाताची गोण पाठवून हिशेब फेडला, कोणी पुन्हा दिसलाच नाही. पितळेची पातेली मारवाड्याकडे गेली तेव्हा वडिलांनी मान वर केली नव्हती. या बाईला कोणत्या युनियनने कामगार म्हटलं? तिला ना पावती, ना गेट, ना भत्ता. प्रेमाताई पुरव या स्वतः कम्युनिस्ट कार्यकर्त्या. त्यांनी हे ओळखून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हे काम पक्षाच्या गाभ्यात आलं असतं तर प्रत्येक चाळीच्या प्रत्येक मजल्यावर लाल झेंड्याचं एक घर असतं. ते राहिलं एका बाईंच्या जिद्दीवर.

शेवटचा टप्पा करी रोडच्या पुलावरून लोअर परळ, फिनिक्स गिरणीचा मॉल. चिमणीसमोर सामूहिक फोटो. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनी तीन वाट्यांत विभागायच्या होत्या, त्यात महापालिकेचा आणि म्हाडाचा वाटा. २००१ मध्ये नियम बदलून तो फक्त मोकळ्या जमिनीपुरता ठेवला, हे गाइडने नीट समजावलं. त्याबद्दल त्याला मार्क. कोहिनूर गिरणीची जमीन २००५ मध्ये ४२१ कोटींना सेनेच्याच बड्या घरांतल्या मंडळींच्या कंपन्यांनी घेतली, हेही सांगायला हरकत नव्हती. ज्या पोरांनी शाखेचा फळा पुसला ती तोवर बदलापूर-विरारला पोचली होती, माझे भाऊ धरून. तिथून लालबागच्या शाखेला मत देता येत नाही. २०२२ नंतर तर शाखा कोणाची यावरच भांडण लागलंय, तो विषय वेगळ्या सफरीचा.

तर जावं का? ज्यांना गिरणगाव अजिबात ठाऊक नाही त्यांनी जरूर जावं. ज्यांचं बालपण तिथे गेलंय त्यांनी गाइडला मधेमधे अडवायची तयारी ठेवून जावं, तो ऐकून घेतो. मॉलमधला अर्धा तास काढून दळवी बिल्डिंग आणि एखादी बीडीडी चाळ घाला, खानावळीतल्या ताईंना दहा मिनिटं बोलू द्या आणि त्याचं मानधन द्या, एवढं मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून आलेय. पाचपैकी तीन तारे. त्यातला दीड तिखल्याचा. रविवारऐवजी शनिवारची वेळ घ्या, मसाल्याची दुकानं चालू असतात, आणि निघण्यापूर्वी स्टेशनवरच आटपून घ्या.